मागचं चाक धरतंय

२ जुलै २०२३, रविवार. मी आणि सासूबाई कराडहून चिपळूणला निघालो होतो, नणंदेकडे. हेळवाक मागे पडेपर्यंत पावसानं जोर धरला होता आणि कुंभार्ली घाटात शिरलो तेव्हा वायपर पळत असूनही समोरचं जेमतेम दिसत होतं. उतारावर एका वळणात समोरून एसटी आली आणि नेमकी त्याच वेळी डाव्या अंगानं एक म्हैस रस्त्यावर उतरली. माझा वेग तिशीच्या आसपास असेल. ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी फिरली. तोंड म्हशीकडे आणि पाठ दरीकडे, अशी आम्ही भर रस्त्यात आडवी. इंजिन बंद. मागच्या सीटवरची गुळाची ढेप घरंगळत माझ्या सीटखाली आली होती आणि सासूबाईंचं "विठ्ठला, विठ्ठला" चाललं होतं.

एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला. मला वाटलं, आता हा ओरडणार. त्यानं काचेतून आत डोकावून विचारलं, "ताई, हँडब्रेक ओढला होता का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग मागचं चाक धरतंय तुमचं. सेकंडला टाका आन् सावकाश उतरा. ब्रेकवर उभं राहू नका." पोफळीपर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही.

'मागचं चाक धरतंय' (म्हणजे ब्रेक दाबल्यावर मागचं चाक जाम होतंय) या तीन शब्दांमागचं खरं कारण सापडायला पाच आठवडे आणि सोळा हजार रुपये लागले. थोडं आधी कळलं असतं तर निदान काही हजार वाचले असते, म्हणून क्रमानं लिहून ठेवतेय.

गाडी २००८ ची, पेट्रोल, छोटी. पुढे डिस्क ब्रेक (फिरत्या चकतीला दोन पॅड चिमटीत धरतात), मागे ड्रम (फिरत्या डब्याला आतून लायनर घासतात), एबीएस नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून, त्यामुळे त्याआधीच्या स्वस्तातल्या गाड्यांत ते बहुतेक नसतंच. एबीएस असलं की चाक जाम व्हायला लागताच ते एका सेकंदात कितीतरी वेळा दाब सोडतं आणि परत देतं. आमच्या गाडीत हे काम माझ्या पायानं करायचं. त्यात १४ सप्टेंबरला गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे आरसीचं (नोंदणी प्रमाणपत्राचं) नूतनीकरण, म्हणजे आरटीओत पासिंग, गाडीची तपासणी. असले ब्रेक घेऊन पासिंगला जायचं तरी कसं, ही काळजी पहिल्या दिवसापासून होती.

४ जुलैला टायरवाल्याकडे गेले, कारण घरी सगळ्यांचं एकमत होतं की ओल्या रस्त्यावर गाडी घसरली म्हणजे टायर गेले. मागचे टायर खरंच गोटा झाले होते. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, ते वाचायला मी तिथेच शिकले. माझ्या टायरवर २२१६ होतं, म्हणजे २०१६ सालचा बाविसावा आठवडा. सात वर्षांचं रबर, नखानं दाबलं तर दबत नव्हतं. पुढचे दोन त्यामानानं नवे होते. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे टाकायचे, हेही त्यानंच सांगितलं. मी आजवर उलटं करत आले होते. दोन टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट मिळून ६,८०० रुपये. हा खर्च मला खुपत नाही, टायर बदलायचेच होते.

पण ९ तारखेला कोल्हापूर नाक्याजवळ भुरभुर पावसात एक रिक्षा आडवी आली, मी ब्रेक मारला आणि मागून तोच झोल. यावेळी गाडी फिरली नाही, नुसती शेपूट हलवल्यासारखी हलली. घरी येऊन पंधरा मिनिटं गाडीतच बसून राहिले. घाटात निदान पावसाला दोष देता आला होता.

११ जुलैला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दिली. नाव लिहीत नाही. एसीची खोली, कॉफीचं मशीन, आणि काउंटरवरच्या मुलाचा पहिला प्रश्न, "साहेब आले नाहीत का?" साहेब पुण्यात नोकरीला असतात, गाडी मी चालवते, असं सांगूनही जॉबकार्डवर फोन नंबर यांचाच लिहिला गेला. तक्रारीच्या रकान्यात मी सांगितलेल्या सात-आठ वाक्यांचं 'ब्रेक चेक करणे' एवढंच झालं. इथे मी चुकले. जॉबकार्डवर आपले शब्द आपल्यासमोर लिहून घ्या. 'ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर मागचं चाक जाम होतं' हे आणि 'ब्रेक चेक' हे एक नाही.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. मागचे लायनर नवे, ड्रम लेथवर मारलेले, हँडब्रेक कसलेला. ३,४०० रुपये. आणि खरोखर दहा-बारा दिवस गाडी शहाण्यासारखी वागली. मी देवापुढे पेढे ठेवले, ते या लेखातून वगळायला हवं होतं पण राहू दे.

२३ जुलैला, रविवारी, कृष्णेच्या पुलाकडून येताना कोरड्या रस्त्यावर मागून डावीकडून 'खर्रर्र' असा आवाज आला. उतरून पाहिलं तर डांबरावर हातभर काळी रेघ. एकच, डाव्या मागच्या चाकाची. ओल्यात ही रेघ दिसत नाही, म्हणून घाटात मला काहीच कळलं नव्हतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवला.

वर्कशॉपनं फोटो पाहिला आणि सांगितलं की आता मास्टर सिलिंडर (पायडल दाबलं की चारही चाकांकडे ऑइलचा दाब पाठवणारा) आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) बदलावा लागेल, ९,५०० रुपये, पार्ट यायला आठवडा. मी विचारलं, मास्टर सिलिंडर खराब असेल तर एकच चाक कसं धरेल? त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं म्हणजे माझ्याकडेही नव्हतं, प्रश्न आपला सुचला एवढंच. गाडी घेऊन निघाले. या सगळ्या दिवसांत मी गावातल्या गावात तीसच्या आत गाडी चालवत होते. आता वाटतं, तेही करायला नको होतं.

२७ जुलैला शाळेतल्या शिपाईमामांनी ओगलेवाडीकडचे एक मिस्त्री सांगितले. पत्र्याची शेड, बाहेर चिंचेचं झाड, साठीचे गृहस्थ आणि हाताखाली भाचा. मला वाटलं, आता चाक खोलतील. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. तंबाखू मळत विचारायला लागले, "सकाळच्या पहिल्या ब्रेकला धरतंय का गाडी तापल्यावर? ओल्यातच का कोरड्यातबी? पायडल खाली जातंय का टणक लागतंय? ब्रेक मारल्यावर गाडी कुणीकडं वढती? ऑइल कमी हुतंय का?"

पाचापैकी एकाही प्रश्नाचं धड उत्तर मला देता आलं नाही. तीन आठवडे मी नुसती घाबरत होते, बघत काहीच नव्हते. ते म्हणाले, "मग तीन दिस बगा आन् लिवून आणा. कळल्याबिगार खोलून काय करू?" पैसे घेतले नाहीत.

मुलीची अर्धी कोरी वही घेतली. सकाळी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीवर पेनानं रेघ मारली. रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकं धरून ब्रेक दाबायचा आणि गाडी कुठे जाते ते बघायचं. आणि त्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट: पाच-सहा किलोमीटर चालवून आल्यावर चारही रिमजवळ हाताची मागची बाजू न्यायची. टेकवायची नाही, डिस्क तापली असेल तर चटका बसतो. नुसती धग बघायची. तीन दिवसांच्या नोंदी अशा आल्या: सकाळी पहिल्या ब्रेकला जास्त धरतं. पायडल खाली जात नाही, पण हल्ली जोर जास्त द्यावा लागतो. गाडी डावीकडे ओढते. ऑइल रेघेच्या किंचित खाली. पुढचं डावं चाक गरम, मागचं डावं गरम, मागचं उजवं कोमट, पुढचं उजवं जवळजवळ गार.

३१ जुलै, सोमवार, शाळेतून अर्धी रजा. मिस्त्रींनी वही चष्मा लावून वाचली आणि बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं. "ह्ये गार का हाय?"

मी म्हटलं, "काका, पण धरतंय ते मागचं."

"धरतंय मागचं. पर ह्यो पुढचा कामच करत न्हाई."

तरी आधी खात्री. शेडमागच्या मोकळ्या मैदानात चारही टायरच्या बाजूंवर खडूनं जाड पट्टे ओढले. मिस्त्री स्वतः गाडी चालवत होते, भाचा बाजूला उभा राहून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चाकांचं शूटिंग घेत होता, एकदा डाव्या बाजूनं, एकदा उजव्या. व्हिडिओत स्पष्ट दिसलं: पुढचा पट्टा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतोय आणि मागचा डावा पट्टा जागच्या जागी गोठलाय, टायर नुसता घासत चाललाय. चार आठवड्यांत पहिल्यांदाच मला भीती वाटायची थांबली. रोग डोळ्यांनी दिसला होता.

मग जॅक. प्रत्येक चाक उचलून हातानं फिरवायचं, भाच्यानं पायडल हळू दाबायचं, कितव्या दाबाला चाक अडतं ते बघायचं. मागचं डावं लगेच अडलं. पुढचं उजवं, पायडल बऱ्यापैकी दाबलेलं असतानाही, मिस्त्री हातानं फिरवत होते. चाक काढलं. कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा चिमटा, ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली खालची पिन गंजून जाम झाली होती, तिच्यावरचं रबर फाटून आत पाणी गेलं होतं. पॅड बाहेर काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. आतला पॅड पत्र्याला टेकायला आला होता, बाहेरचा जवळपास नव्यासारखा. एकाच चाकाचे दोन पॅड, एक झिजून मेलेला आणि दुसरा बसून खाल्लेला.

मागच्या डाव्या ड्रमखाली दुसरं दुखणं होतं. ड्रम उतरल्यावर भाचा हवेचा पाइप घेऊन धूळ उडवायला आला, तर मिस्त्री त्याच्यावर खेकसले. ब्रेकची धूळ फुंकायची नाही, छातीत जाते. ओल्या फडक्यानं पुसून घेतली. मग व्हील सिलिंडरच्या (लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या छोट्या नळकांड्याच्या) टोकाची रबरी टोपी स्क्रू ड्रायव्हरनं अलगद उचलली, आणि आतून ब्रेक ऑइल त्यांच्या बोटावर ओघळलं. वीस दिवसांपूर्वी घातलेल्या नव्या लायनरचं वरचं टोक काळंभोर, चिकट. लायनरवर थोडंसं ऑइल आलं की तो गुळगुळीत न होता उलट चिकट होऊन ड्रमला चावतो. वर्कशॉपनं लायनर बदलला पण गळका सिलिंडर तसाच ठेवला. म्हणून दहा-बारा दिवस बरे गेले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. "पेट्रोलनं धुऊन चालेल का?" मी विचारलं. नाही. एकदा मुरलं की टाकूनच द्यायचा.

दोन्ही दुखण्यांचा मेळ त्यांनी चहा पिता पिता लावून दाखवला. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. म्हणून ब्रेकचं बरंचसं काम पुढच्या चाकांनी करायचं असतं आणि मागे जाणारा दाब कमी ठेवायला कंपनी व्हॉल्व्ह बसवते. माझं पुढचं उजवं चाक कामचुकार झालं तशी गाडी थांबेना, म्हणून मी नकळत पाय जास्त दाबायला लागले. तो जादा दाब मागेही गेला, आणि तिथे एक लायनर चावायला टपलेलाच. पुढची चाकं जाम झाली तर गाडी वळत नाही, सरळ घसरते. मागची जाम झाली तर शेपूट पुढे यायला बघते, आणि घाटात ते जास्त वाईट.

मी एक शंका काढली. बऱ्याच छोट्या गाड्यांत ब्रेकच्या दोन लाइनी तिरक्या असतात, पुढचं उजवं आणि मागचं डावं एका लाइनीवर, असं मी रात्री जागून वाचलं होतं. मग दोन्ही बिघाड एकाच लाइनीवर, हे कसं? मिस्त्री हसले. "पिन पाण्यानं जाम झाली, सिलिंडर म्हातारपणानं गळतोय. लाइनीचा काय संबंद न्हाई." बरं, वाचलेलं सगळंच उपयोगी पडतं असं नाही.

डबीतलं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. माझं कधी बदललं होतं ते बिलांच्या फाइलमध्येही सापडलं नाही. डॉट ३ ऑइल कोरं असताना २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पाणी शोषलं की हाच आकडा १४० पर्यंत उतरतो, आणि ऑइल उकळलं की ब्रेक लागत नाही. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. चाक धरण्याशी याचा संबंध नाही, पण त्या दिवशी दुसऱ्या गिअरमध्ये उतरवणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरचे मी पुन्हा आभार मानले.

व्हील सिलिंडर कराडात मिळाला नाही, पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं ४ ऑगस्टला आला. ५ तारखेला, शनिवारी, दिवसभर मी शेडमध्येच होते. हिशेब असा: दोन व्हील सिलिंडर १,३००, दोन्ही पुढच्या कॅलिपरची पिन आणि रबर किट ५६०, पुढचे पॅड १,१५०, मागचे लायनर पुन्हा ८५०, ब्रेक ऑइलच्या दोन बाटल्या ४२०, मजुरी १,६००. एकूण ५,८८०. ब्रेकचं सामान एका बाजूचं बदलत नाहीत, डावं-उजवं जोडीनं. उजवा सिलिंडर गळत नव्हता, तरी बदलला. जुने पार्ट पिशवीत घालून घरी आणले.

एअर (ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा) काढताना भाचा जेवायला गेलेला, म्हणून पायडलवर मी. मिस्त्री चाकामागून ओरडायचे, "दाबा... दाबा... धरा!" मी पाय रोवून धरायचा, ते निपल ढिला करायचे, पाय एकदम खाली जायचा, पारदर्शक नळीतून काळपट ऑइल बुडबुड्यांसकट बाटलीत. "धरलंय न्हवं? सोडू नका." निपल बंद. "आता सोडा." मध्ये एकदा मी लवकर सोडलं आणि परत पहिल्यापासून. चार चाकांना पाऊण तास. शेवटी नळीतून मधासारखं पिवळं, बुडबुडे नसलेलं ऑइल आलं तेव्हा पिंढरी दुखत होती. दोन थेंब मडगार्डवर उडाले, ते त्यांनी लगेच पाण्यानं धुतले, नाहीतर रंग जातो. सगळ्यात शेवटी वर्कशॉपनं कसलेला हँडब्रेक ढिला केला. आधी दोन टकमध्ये लागायचा, आता पाचव्या टकला लागतो. तोही मागच्या चाकांना घासत ठेवत होता.

मैदानात पुन्हा खडूचे पट्टे. चारही फिरले. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायचा नाही, पॅड बसू द्यायचे.

पासिंगचं थोडक्यात. आरसीची मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत अर्ज करता येतो. मी १० ऑगस्टला परिवहनच्या पोर्टलवर नमुना २५ भरला. तेव्हा, २०२३ मध्ये, मोटारीसाठी शुल्क ५,००० होतं (१ एप्रिल २०२२ च्या आधी हेच ६०० होतं), शिवाय पेट्रोल गाडीचा पाच वर्षांचा पर्यावरण कर ३,०००. मुदत उलटली तर मोटारीला महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क पडायचं. विमा आणि पीयूसी चालू असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. माझी पीयूसी दोन दिवसांपूर्वी संपली होती, ती काढून आणली. गेटबाहेर एजंटांनी विचारलं, मी नको म्हटलं, आणि खिडक्या समजून घेण्यात एक सकाळ गेली एवढाच तोटा. २९ ऑगस्टची वेळ मिळाली. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची असते. तो नंबर कुठे आहे ते घरीच शोधून, घासून पुसून ठेवा. मी तिथे उन्हात गाडीखाली डोकं घालून शोधत बसले. निरीक्षकांनी दिवे, हॉर्न, वायपर, पट्टे पाहिले आणि म्हणाले, "सरळ जाऊ द्या आणि मी हात केला की दाबा." हात झाला. दाबला. गाडी जिथल्या तिथे, सरळ रेषेत उभी राहिली. ते तोवर पुढच्या गाडीकडे वळलेही होते.

१७ सप्टेंबरला, गणपतीच्या दोन दिवस आधी, पुन्हा चिपळूण. तोच घाट, पाऊस त्या मानानं कमी. सासूबाईंनी यावेळी ढेप पायाशी, दोन पिशव्यांच्या मध्ये दाबून ठेवली होती. ते वळण आलं तेव्हा दोघीही काही बोललो नाही. म्हैस नव्हती. पोफळीला चहाला थांबलो आणि मी उतरून एकेका चाकाशी वाकून हात नेऊन पाहिला. पुढची दोन्ही सारखीच गरम, मागची दोन्ही सारखीच कोमट.

"काय गं," सासूबाई काच खाली करून म्हणाल्या, "ताप बघतीस होय तिचा?"